दहा मिनिटांचा समुद्र

पाठ्यपुस्तकाचे परीक्षण होते, नाटकाचे होते, विज्ञान प्रदर्शनाचेही होते. शाळेच्या सहलीचे परीक्षण मात्र कोणी करत नाही. गाडी सुखरूप परत आली, हिशेब जुळला आणि कोणी आजारी पडले नाही, की सहल यशस्वी झाली असे आपण धरून चालतो. वास्तविक सहलीवर पालकांचा जेवढा पैसा खर्च होतो आणि शिक्षकांचा जीव जेवढा टांगणीला लागतो, तेवढा वर्षभरातल्या दुसऱ्या कोणत्याही पाठावर लागत नाही. मग हा पाठ कसा झाला, हे विचारायला काय हरकत आहे?

या लेखात आम्ही अशाच एका सहलीचे परीक्षण करणार आहोत. ती म्हणजे मालवणची एक दिवसाची सहल : होडीतून सिंधुदुर्ग किल्ला, किल्ल्याजवळच्या खडकांवर स्नॉर्केलिंग, आणि संध्याकाळी परत. बुलडाणा जिल्ह्यातल्या शाळांच्या कोकण दर्शनात हा दिवस आता हटकून असतो. बुलडाण्याहून मालवण सहाशे किलोमीटरहून अधिक दूर. चिखली, मेहकर किंवा मोताळ्याच्या मुलाने समुद्र बहुधा प्रथमच पाहिलेला असतो. त्यामुळे त्याला तिथे काय दिसते, हा प्रश्न किरकोळ नाही.

सहलीचा साचा

हा दिवस साधारण असा जातो. रात्रभराच्या प्रवासाने पेंगुळलेली मुले सकाळी धक्क्यावर उतरतात. होडीतून किल्ल्यावर जातात. शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर १६६४ ते १६६७ या काळात हा किल्ला बांधला, हे त्यांना सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. नंतर ज्यांनी जादा पैसे भरले आहेत, ती मुले पाळीपाळीने पाण्यात उतरतात. अंगात तरंगण्याचे जाकीट, डोळ्यांवर मास्क, तोंडात नळी. वाटाड्या हात धरून मुलाला खडकांवरून फिरवतो. बऱ्याच ठिकाणी मासे जमावेत म्हणून पावाचे तुकडे टाकले जातात. मासे येतात, फोटो निघतो, पुढच्या मुलाचा नंबर लागतो. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम दहा मिनिटांचा समुद्र येतो.

या दहा मिनिटांत आनंद आहे, यात शंका नाही. पाण्यात डोके घातल्यावर जे जग दिसते, ते कोणत्याही पुस्तकातल्या चित्राने दाखवता येत नाही. म्हणून सहलीवर टीका करताना आम्ही हा आनंद वजा करणार नाही. आमची तक्रार वेगळी आहे. ज्या जागी मूल उतरले ती जागा कोणती, तिथे काय जगते आणि आपल्या येण्याने तिचे काय होते, यातले काहीही त्याला कळत नाही.

सिंधुदुर्ग किल्ला, शेजारचे पद्मगड बेट आणि भोवतालचे बुडालेले खडक हा मालवण सागरी अभयारण्याचा भाग आहे. हे अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर आणि त्यातले गाभा क्षेत्र अवघे ३.१८ चौरस किलोमीटर. म्हणजे मुले अभयारण्यात जातात, पण आपण अभयारण्यात आलो आहोत हे न कळताच परत येतात. मेळघाटात गेलेल्या मुलाला कोणी हरणाला पाव टाकायला सांगितले, तर बरोबरचे गुरुजी हात धरतील. इथे तेच शिक्षक टाळ्या वाजवतात. दोष त्यांच्या वृत्तीचा नाही. पाण्याखालचे रान हे रान आहे, असे आपल्याला कोणी शिकवलेलेच नाही.

मास्कच्या काचेमागे दहावीचे पुस्तक

शिक्षकाच्या दृष्टीने या सहलीतली सर्वांत मोठी हळहळ वेगळीच आहे. स्नॉर्केलिंगच्या साध्या साहित्यात शालेय भौतिकशास्त्राचे तीन-चार धडे दडलेले आहेत आणि ते उघडलेच जात नाहीत.

पहिला धडा मास्कचा. पाण्यात उघडे डोळे ठेवले तर सगळे धूसर का दिसते? आपल्या डोळ्याची प्रकाश एकवटण्याची सुमारे दोन-तृतीयांश क्षमता पारपटलाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर असते, कारण तिथे किरण हवेतून डोळ्यात शिरताना वळतात. पाणी आणि पारपटल यांचे अपवर्तनांक जवळजवळ सारखे. त्यामुळे पाण्यात हे वळणे संपते आणि प्रतिमा पडद्यावर नीट पडत नाही. मास्क डोळ्यापुढे हवेचा एक कप्पा ठेवतो, एवढेच त्याचे काम. पण आता किरण पाण्यातून हवेत येताना वळतात, म्हणून एक मीटरवरचा मासा पाऊण मीटरवर असल्यासारखा आणि सुमारे एक-तृतीयांशाने मोठा दिसतो. 'केवढा मोठा मासा!' असे ओरडणाऱ्या मुलाला हे आधी माहीत असते, तर त्याने माशाशेजारी आपला हात धरून पाहिला असता. हातही तेवढाच मोठा दिसतो, हे पाहून दहावीतले अपवर्तन त्याला जन्मभर विसरता आले नसते.

दुसरा धडा नळीचा. नळी वीतदीड वीतच का? दोन मीटर लांब नळी घेऊन तळाशी का बसता येत नाही? दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणाइतका वाढतो. एक मीटर खोलीवर छातीवर एक-दशांश वातावरण जादा दाब पडतो, आणि नळीतली हवा मात्र पृष्ठभागावरच्या दाबाची असते. एवढ्या फरकाविरुद्ध छाती फुगवणे श्वसनाच्या स्नायूंना फार वेळ जमत नाही. शिवाय लांब नळीत सोडलेलाच श्वास परत आत येतो. हे कारण माहीत असलेला मुलगा नळी लांब करण्याचा धोकादायक प्रयोग कधी करणार नाही. विज्ञान इथे सुरक्षिततेच्याही कामाला येते.

तिसरा धडा रंगांचा. जाहिरातीच्या फलकावर लाल, जांभळी, केशरी पोवळी असतात. प्रत्यक्ष पाण्यात तपकिरी-हिरवट गोळे दिसतात आणि मुले हिरमुसतात. पाणी लाल प्रकाश लवकर शोषते. स्वच्छ समुद्रातही काही मीटरांतच लाल रंग बहुतांश नाहीसा होतो, आणि गढूळ पाण्यात दृष्टीच थोड्या अंतरावर अडते. फलकावरची चित्रे पुष्कळदा दुसऱ्याच समुद्रातली, पाण्याखालच्या दिव्याच्या उजेडात काढलेली किंवा नंतर रंग चढवलेली असतात. फलकाने वचन दिले आणि समुद्राने ते मोडले, असे मुलाला वाटते. खरे तर मालवणच्या समुद्राने काहीच वचन दिले नव्हते.

तपकिरी गोळ्याची किंमत

त्या तपकिरी गोळ्यापाशी आपण थोडे थांबू, कारण सहल तिथे थांबत नाही.

पश्चिम किनाऱ्याच्या या भागात लक्षद्वीपसारखी विस्तीर्ण प्रवाळभित्ती नाही. खडकांवर तुकड्यातुकड्यांनी वाढलेली पोवळी आहेत. पावसाळ्यात नद्या गोडे पाणी आणि गाळ घेऊन येतात, पाणी ढवळून निघते. असल्या परिस्थितीत नाजूक फांद्यांची पोवळी टिकत नाहीत. पोराइटिस, फॅव्हाइटिस, गोनिअॅस्ट्रिया अशी गोळ्यासारखी किंवा थरासारखी वाढणारी चिवट पोवळी तग धरतात. म्हणजे जे 'साधे' दिसते, तेच इथले वैशिष्ट्य आहे. गाळ आणि गोडे पाणी सोसणारे पोवळे हा अभ्यासाचा मोठा विषय आहे.

पोवळे हा दगड नव्हे आणि झाडही नव्हे. निडारिया संघातल्या असंख्य लहान प्राण्यांची ती वसाहत आहे. प्रत्येक पॉलिपच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. शैवाल प्रकाशसंश्लेषण करून अन्न पुरवते, प्राणी त्याला आसरा आणि कार्बन डायऑक्साइड देतो. तपकिरी रंग या शैवालाचाच. पाणी नेहमीपेक्षा काही आठवडे तापून राहिले, की हे सहजीवन मोडते, शैवाल बाहेर पडते आणि पोवळे पांढरे दिसू लागते. हेच विरंजन. १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ या काळात जगभर मोठ्या प्रमाणावर विरंजन झाले आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये चौथ्या जागतिक विरंजनाची घोषणा झाली. मालवणच्या पोवळ्यांतही विरंजनाची नोंद झालेली आहे. तेव्हा एखाद्या मुलीने 'सर, तो पांढराशुभ्र सगळ्यांत छान होता' असे सांगितले, तर ती उपाशी पडलेल्या प्राण्याचे कौतुक करत असते. तिला हे कोण सांगणार?

गोलसर वाढणारी पोवळी अनुकूल परिस्थितीतही वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. एक फूट व्यासाचा गोळा म्हणजे त्रिज्या पंधरा सेंटिमीटर, म्हणजेच वय सुमारे पंधरा वर्षे. नववी-दहावीतला विद्यार्थी दम घेण्यासाठी ज्या गोळ्यावर पाय ठेवून उभा राहतो, तो त्याच्याच वयाचा असू शकतो. पोवळ्याची जिवंत कातडी अत्यंत पातळ असते. एका पावलाने ती खरचटते, त्या जागी शैवाल आणि रोग शिरतात. एक मुलगा एकदा उभा राहिला तर फारसे बिघडत नाही. पण एकाच खडकावर हंगामभर रोज शेकडो पाय पडू लागले, तर काय होईल याचे गणित पाचवीतल्या मुलालाही करता येईल.

पावाच्या तुकड्यांचेही तसेच. फुकट अन्नाला चटावलेले धीट मासे एका जागी गोळा होतात, बुजरे मासे मागे सरतात. मुलाला वाटते, खडकावर असेच मासे असतात. त्याने निसर्ग पाहिलेला नसतो, आपण भरवलेला मेळावा पाहिलेला असतो.

सहलीतून गाळलेली माणसे

आणखी एक उणीव सांगायला हवी. अभयारण्य झाले तेव्हापासून इथल्या मच्छीमारांचा त्याला विरोध होत आला आहे. आपल्या पोटावर पाय येईल ही त्यांची भीती होती. दुसरीकडे, रापणीसारखी पारंपरिक मासेमारी करणारे आणि यांत्रिक बोटींनी पर्ससीन जाळी टाकणारे यांच्यातला संघर्षही याच किनाऱ्यावरचा. मुलाचा हात धरून त्याला खडकावरून फिरवणारा तरुण पुष्कळदा याच मच्छीमार घरातला असतो. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने सिंधुदुर्ग किनाऱ्यावर जो प्रकल्प २०११ नंतर राबवला गेला, त्यात स्थानिक तरुणांना स्नॉर्केलिंगचे मार्गदर्शक म्हणून तयार करणे हे एक काम होते. या तरुणाला मासे, वारा, भरती-ओहोटी यांचे जे ज्ञान आहे, ते आमच्यासारख्या संशोधकांनाही हेवा वाटावे असे असते. मुले त्याला एकच प्रश्न विचारतात, 'दादा, फोटो आला का?'

हा दोष वाटाड्याचा नाही. त्याच्यापुढे पन्नास मुलांची रांग उभी करणाऱ्या सहलीच्या वेळापत्रकाचा आहे. किनाऱ्यावरच्या अपघातांनाही पुष्कळदा हीच घाई आणि गर्दी कारण होते. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेले दहाहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोघांचा जीव गेला. अशा घटनांनंतर नियमांची यादी वाढते, संमतीपत्रे जाड होतात. भरती किती वाजता आहे, हे मात्र निघण्यापूर्वी वर्गात कोणी काढून पाहत नाही.

दुसऱ्या एका विवरातला समुद्र

यावर कोणी म्हणेल, पर्यटन म्हटले की हे चालायचेच. आम्हाला तसे वाटत नाही. हवाई बेटांपैकी ओआहू बेटावर हनाउमा नावाचा उपसागर आहे. ज्वालामुखीच्या एका विवराची कड फुटून आत समुद्र शिरला आणि तो तयार झाला. १९६७ साली त्याला संरक्षण मिळाले, पण पुढे तिथे रोज हजारो लोक स्नॉर्केलिंगला येऊ लागले. तिथेही माशांना खाऊ घातले जाई, तिथेही लोक पोवळ्यांवर उभे राहत. नंतर माशांना खाऊ घालणे बंद झाले. २००२ पासून प्रत्येक नव्या पाहुण्याला पाण्यात उतरण्यापूर्वी नऊ मिनिटांचा एक चित्रपट पाहावा लागतो. येणाऱ्यांची संख्या मर्यादित झाली आणि आठवड्यातले काही दिवस उपसागर बंद ठेवण्यात येऊ लागला. २०२० साली साथीमुळे तो काही महिने पूर्ण बंद होता, तेव्हा पाणी अधिक स्वच्छ झाल्याचे अभ्यासकांना आढळले.

यातले चित्रपटगृह आपल्याला परवडणार नाही. पण नऊ मिनिटे? ती बुलडाण्याहून निघालेल्या गाडीत आपल्याजवळ भरपूर असतात.

बेट म्हणजे काय?

आता आमच्या परीक्षणातला शेवटचा आणि बुलडाण्याच्या शिक्षकांना थेट लागू होणारा मुद्दा. बेट पाहायला सहाशे किलोमीटर जायलाच हवे का?

भूगोलात चहूबाजूंनी पाणी असलेल्या जमिनीला बेट म्हणतात. जीवशास्त्रात या शब्दाचा अर्थ अधिक रुंद आहे. १९६७ साली रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन यांनी बेटांच्या जीवभूगोलाचा सिद्धांत मांडला. बेटावर किती जाती टिकतील, हे त्याच्या आकारावर आणि मुख्य भूमीपासूनच्या अंतरावर अवलंबून असते, असे त्याचे सार. पुढे लक्षात आले, की शेतांच्या समुद्रात उरलेला जंगलाचा तुकडा हाही एक बेटच असतो.

या अर्थाने लोणार हे बुलडाणा जिल्ह्यातले बेट आहे. २००० साली घोषित झालेले लोणार अभयारण्य सुमारे ३.८ चौरस किलोमीटरचे, म्हणजे मालवणच्या गाभा क्षेत्राएवढेच. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरात उतारावर झाडी, तळाशी खारट आणि अल्कधर्मी पाणी, भोवती शेते आणि गाव. हे विवरही एके काळी ज्वालामुखीचे मानले जाई. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तिथल्या खडकांत आघाताच्या प्रचंड दाबाने बनणारे मॅस्केलिनाइट सापडल्याचे दाखवले गेले आणि ते अशनीच्या आघाताचे ठरले. बेसाल्ट खडकातली अशी विवरे पृथ्वीवर मोजकीच आहेत. पाण्याचा सामू १० च्या आसपास मोजला गेला आहे. सामान्य तळ्यातले बहुतेक जीव अशा पाण्यात तगत नाहीत, पण काही सूक्ष्मजीवांना ते मानवते. २०२० च्या जूनमध्ये सरोवर गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासात त्याचे कारण मीठ सोसणारे हॅलोआर्किया सूक्ष्मजीव असल्याचे दिसले. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

दुसरे बेट ज्ञानगंगा अभयारण्य. यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला, गळ्यात रेडिओ पट्टा असलेला एक तरुण वाघ २०१९ च्या अखेरीस तिथे पोचला. सुमारे पाच महिन्यांत त्याने तेराशेहून अधिक किलोमीटर तुडवले होते. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जायला वाघाला किती शेते, रस्ते आणि गावे ओलांडावी लागतात, याचा याहून स्पष्ट नकाशा कोणत्या पुस्तकात मिळेल?

मालवणला जाऊ नका, असे आम्ही सुचवत नाही. समुद्र पाहण्याचा हक्क घाटावरच्या मुलालाही आहे. आमचे म्हणणे क्रमाचे आहे. आधी लोणार, मग मालवण. आठवीत विवराच्या कडेवरून उतरताना झाडी कशी बदलते ते मुलांनी लिहावे. वनखात्याची परवानगी घेऊन पाण्याच्या चार थेंबांचा सामू कागदाने मोजावा, आणि दर वर्षीच्या मुलांनी तो एकाच वहीत नोंदवावा. मग नववी-दहावीत समुद्राकडे निघण्यापूर्वी वर्गात बादली, नाणे आणि काचेचा पेला घेऊन अपवर्तन पाहावे. फुग्याचा पडदा ताणलेले नरसाळे हौदात बुडवून दाब पाहावा. पोवळ्याचे चित्र काढावे. भरतीची वेळ काढावी. चार नियम तोंडपाठ असावेत : जाकीट काढायचे नाही, कशावरही उभे राहायचे नाही, काही उचलायचे नाही, माशांना काही घालायचे नाही. शेवटचा नियम होडी ठरवतानाच मालकाला सांगावा. गिऱ्हाइकानेच नको म्हटले, तर पाव कोण टाकील?

आणि पाण्यातून बाहेर आल्यावर प्रत्येकाने एकच गोष्ट लिहावी : मी एका जागी तरंगत असताना कोणता मासा काय करत होता? दहा मिनिटांत एवढे नक्की होते. ज्यांना पाण्यात उतरायचे नाही किंवा पैसे भरता आले नाहीत, त्यांनी ओहोटीच्या वेळी शिक्षकांबरोबर खडकांतल्या डबक्यांपाशी बसावे. तिथे शंख, खेकडे आणि समुद्रफुले निवांत पाहता येतात, आणि पुष्कळदा तीच मुले जास्त पाहून येतात.

अशी सहल आपल्या शाळेने काढली, तर मुलांच्या त्या ओळी आम्हाला जरूर पाठवा. फोटो नसले तरी चालतील.